गवयाचें चित्र

गवयाचें चित्र म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें एक ठरीव आकृति उभी राहते. डोक्यास फेटा, अंगांत लांब कोट, छातीवर पदकें, ओठ मिटलेले आणि नजर कोठें तरी दूर. दिवाणखान्यांत काय किंवा गायनशाळेंत काय, भिंतीवर टांगलेलें चित्र बहुधा असेंच असतें. ज्या माणसानें जन्मभर तोंड उघडून लोकांस सुख दिलें, त्याचें तोंड चित्रकारानें मिटूनच कां रंगवावें, हा प्रश्न मला फार दिवस छळीत आला आहे.

ह्या प्रश्नाचीं दोन उत्तरें पाश्चात्य चित्रकलेंत शेजारीं शेजारीं ठेवून पाहतां येतात. पागानीनी हा इटलीचा जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक. १८१९ सालीं रोम येथें अँग्र ह्या फ्रेंच चित्रकारानें त्याचें पेन्सिलचित्र काढलें. चेहरा रेखीव, कोट नीटनेटका. जवळ व्हायोलिनही आहे, पण तें वाजत नाहीं. पुढें १८३१ सालीं पागानीनी पॅरिसला आला, तेव्हां देलाक्रवानें त्याला रंगमंचावर ऐकलें आणि एका लहानशा पुठ्ठ्यावर तैलरंगांत त्याला उतरविलें. अंधारांत एक काळी, किडकिडीत, वांकलेली आकृति. उजेड तेवढा चेहऱ्यावर आणि हातांवर. नाकडोळे त्यांत धड सांपडत नाहींत, तरी वादन चाललें आहे याविषयीं संशय राहत नाहीं. मौज अशी कीं ह्या दोघांपैकीं स्वतः व्हायोलिन वाजविणारा म्हणून जो नांवाजला, तो अँग्र!

आपल्याकडे राजा रविवर्म्यानें १८८९ सालीं निरनिराळ्या प्रांतांतील अकरा स्त्रिया वाद्यांसह एका पटावर आणल्या. तें चित्र म्हैसूरास आहे. वस्त्रें, दागिने, चेहऱ्यांचे वर्ण, सारें अप्रतिम. पण मला तरी त्या सभेंत गाणें ऐकूं येत नाहीं.

आतां आपल्या मुलुखाकडे वळूं. खाँसाहेब अब्दुल करीमखाँ यांनीं मिरजेस घर केलें. १९३७ सालीं मद्रासेहून पाँडिचेरीकडे जात असतां वाटेंतील एका रेल्वे स्थानकावर त्यांचें देहावसान झालें, आणि मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत त्यांना चिरविश्रांति मिळाली. उरुसांत गवई अजूनही तेथें हजेरी लावतात. खाँसाहेबांचा आवाज ध्वनिमुद्रिकांत राहिला, चेहरा छायाचित्रांत राहिला. पण तो आवाज त्या चेहऱ्यांतून निघतांना कसा दिसे, हें सांगूं शकणारे डोळे एकेक करून मिटले. विष्णु दिगंबर पलुसकर १९३१ सालीं मिरजेसच निवर्तले. त्यांच्याविषयींही हेंच म्हणावें लागेल. शिष्यांनीं गायकी पुढें नेली, पण मुद्रा कोणी नेली नाहीं. म्हणून माझें मत असें कीं, ज्याला आपण ऐकलें त्याचें चित्र काढावें, आणि तें मैफलींत बसून काढावें.

गवई हा चित्रकाराच्या दृष्टीनें अत्यंत वाईट नमुना. तो क्षणभर स्थिर राहत नाहीं. पण ह्या अस्थिरपणालाही एक नियम आहे, आणि तो ताल घालून देतो. विलंबित एकतालाचें आवर्तन बारा मात्रांचें. लय फार संथ असली तर एका आवर्तनास पाऊण मिनिट सहज लागतें. आवर्तन पुरें झालें कीं गवई समेवर येतो, आणि समेवर येण्याची प्रत्येकाची एक लकब असते. मान, खांदा, उजवा हात हीं पुनःपुन्हां जवळजवळ त्याच जागीं येतात. एका समेस मानेची रेषा घ्यावी, दुसरीस हाताची, तिसरीस जबड्याची. मधल्या वेळांत तंबोरे काढून घ्यावे. ते बिचारे हालत नाहींत. द्रुत सुरू झाली कीं पेन्सिल खालीं ठेवून मुकाट्यानें गाणें ऐकावें.

पंडित भीमसेन जोशी यांना मीं पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवांत अनेकदां रेखाटलें. पाण्यांतून कांहीं जड वस्तु उचलावी तसे त्यांचे दोन्ही हात खालून वर येत, मान मागें जाई, आणि चेहरा पार वेडावांकडा होई. त्या वेडेवांकडेपणांतच ते ओळखूं येत. किशोरीताई आमोणकर यांची गोष्ट उलट. मांडीवर स्वरमंडल, डोळे मिटलेले, हालचाल थोडी. तेथें पापणीचा आणि दोन भुंवयांमधल्या आठीचा अभ्यास करावा लागे. तें काम अधिक कठीण.

माझे कांहीं जुने विद्यार्थी हल्लीं परदेशी रॉक संगीतांतील आवडत्या गायकांचीं चित्रें काढतात. त्या संगीतांतलें मला फारसें कळत नाहीं. परंतु त्या चित्रांतले गायक तोंड उघडून गात असतात, घामानें थबथबलेले असतात, त्यांच्या गळ्याच्या शिरा ताठलेल्या असतात. ह्या एका बाबतींत तीं मुलें आपल्या दिवाणखान्यांहून शहाणीं आहेत.

सांगलीकडील एका गवयांच्या पश्चात् त्यांच्या मुलानें मजकडून तैलचित्र मागितलें. बुवांना मीं वीस वर्षें ऐकलें होतें. जुन्या वह्यांतून त्यांचीं रेखाटनें काढलीं आणि तोंड उघडलेलें, कपाळावर आठ्या पडलेलें चित्र तयार केलें. मुलगा बराच वेळ पाहत राहिला आणि हळूच म्हणाला, “मास्तर, हे आमचे दादा दुखण्यांत असल्यासारखे दिसतात. आईला हें पाहवणार नाहीं.” मीं वाद घातला नाहीं. घरच्या माणसांनीं बुवांना जेवतांना, रागावतांना, नातवंडांशीं खेळतांना पाहिलेलें. त्यांचे दादा निराळे. छायाचित्रावरून दुसरें चित्र करून दिलें. तें त्यांच्या ओसरीवर आहे. पहिलें माझ्याकडे राहिलें. बुवांचे म्हातारे तबलजी एकदां घरीं आले होते. चष्मा पुसून त्यांनीं तें पाहिलें आणि म्हणाले, “समेला दोन मात्रा आहेत अजून.”

ज्यांना हा प्रयोग करावासा वाटेल त्यांनीं औंधास जावें. यमाईच्या डोंगरावर १९३८ सालीं उघडलेलें श्रीभवानी संग्रहालय आहे. तें उभारणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधि स्वतः चित्रकार होते आणि कीर्तनकारही. गांवांत १९४० पासून गायनाचा उत्सव होत आला आहे. संस्थानचे गायक अंतूबुवा जोशी आणि त्यांचे चिरंजीव गजाननबुवा यांच्या नांवांशीं तो निगडित आहे. दिवसां वरचीं चित्रें पाहावींत, आणि गाण्याच्या वेळीं खालीं येऊन जागा धरावी. अगदीं समोर मात्र बसूं नये. ध्वनिक्षेपकाच्या दांड्यानें नेमकें तोंड झांकलें जातें. तबलजीच्या बाजूस बसावें. समेच्या क्षणीं गवई त्याच्याकडे वळून पाहतो, आणि तेवढ्यापुरता पुरा चेहरा आपल्याला मिळतो.