अपघाती मृत्यूची भरपाई : दावा कोणी करायचा?

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चवथीच्या दिवसांत मरणाचा विषय काढावा का, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. शेवटी असे ठरले, की एरवी एवढी कुटुंबे एका ठिकाणी जमत नाहीत, तेव्हा आजच बोलावे. मंडळात कायद्याच्या कागदांची थोडीफार माहिती असलेले आम्ही काहीजण आहोत. लोक आमच्याकडे येतात ते बहुतेक वेळा उशिरा. बाराव्याचे जेवण झालेले असते, वर्षश्राद्धही उरकलेले असते आणि मग कुणीतरी विचारते, "आमकां कांय मेळूं येता काय?" त्याचे उत्तर आधीच माहीत असावे, एवढ्यासाठी हे बोलणे.

दुसऱ्याच्या चुकीमुळे किंवा निष्काळजीपणामुळे माणूस दगावला, तर त्याच्या माणसांना भरपाई मागण्याचा हक्क आहे. तो कोणाचा, किती दिवस आणि कुठे, हे मृत्यू कसा झाला त्यावर ठरते. आणि आम्हाला जे विशेष सांगायचे आहे ते असे, की हा हक्क एकट्या घरच्या कर्त्याचा नाही. ज्याचे ज्याचे त्या माणसावाचून नुकसान झाले, त्या प्रत्येकाचे नाव दाव्यात हवे.

मदत वेगळी, भरपाई वेगळी

डिचोली तालुक्यातल्या शिरगावची घटना कुणी विसरलेले नाही. ३ मे २०२५ च्या पहाटे श्रीदेवी लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. सहा भाविक दगावले, सत्तरहून अधिक जखमी झाले. मुख्यमंत्र्यांनी मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी १० लाख रुपयांची मदत जाहीर केली. त्याच वर्षी ६ डिसेंबरच्या रात्री हडफडे येथील नाइट क्लबला आग लागून २५ जणांचा मृत्यू झाला. त्यांत बहुतेक तिथेच काम करणारी, पोटासाठी परप्रांतातून आलेली माणसे होती. तिथेही सरकारने मदत जाहीर केली.

दोष कोणाचा, हे ठरवण्याची ही जागा नाही. आम्हाला एवढेच सांगायचे आहे, की सरकार जाहीर करते ती सानुग्रह मदत असते. ती घेतली म्हणून जबाबदार माणसाविरुद्ध किंवा संस्थेविरुद्ध भरपाई मागण्याचा हक्क आपोआप संपत नाही. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाला १३ जून १९९७ रोजी आग लागून ५९ माणसे गेली. त्यांच्या नातेवाइकांनी संघटना केली आणि ती न्यायालयात गेली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २० वर्षांवरील मृतामागे १० लाख आणि त्याहून लहान मृतामागे साडेसात लाख रुपये, व्याजासह, ठरवून दिले. चौदा वर्षे लागली हे खरे, पण ते पैसे कुणाच्या कृपेचे नव्हते, हक्काचे होते.

म्हणून मदतीचा धनादेश घेताना ज्या कागदावर सही करता, तो आधी वाचा. "यापुढे कोणताही दावा करणार नाही" असे कुठे लिहिले असेल, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

रस्त्यावरचा मृत्यू

आपल्याकडे सर्वांत जास्त प्रसंग रस्त्यावरचे. पेडण्यात पत्रादेवीपासून मालपे, धारगळपर्यंतचा राष्ट्रीय महामार्ग, त्यात मोपाच्या विमानतळाची वर्दळ; डिचोलीच्या बाजूला खनिजाचे ट्रक. अशा अपघाताचा दावा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. तो अपघात जिथे झाला तिथे करता येतो, तसाच दावा करणारा जिथे राहतो तिथेही करता येतो. मुलगा मुंबईत नोकरीला असताना तिकडे अपघातात गेला, तरी आईवडिलांना गोव्यात दावा दाखल करता येतो.

दावा कोणी करायचा? कायदा म्हणतो, मृताच्या कायदेशीर प्रतिनिधींपैकी सर्वांनी किंवा कोणीही. जे दाव्यात सामील झाले नसतील, त्यांना प्रतिवादी म्हणून जोडावे लागते. वगळून चालत नाही. 'कायदेशीर प्रतिनिधी' या शब्दाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी रुंद केला आहे. १९८७ मध्ये भावाचा हक्क मान्य झाला. २००७ मध्ये लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीचा झाला. २०२० मध्ये विवाहित, कमावत्या मुलांचा झाला. २०२१ मध्ये जावयाच्या घरी राहणाऱ्या सासूलाही दावा करता येतो असे न्यायालयाने सांगितले. तेव्हा "ती लग्न होऊन गेली, तिचा काय संबंध" हे वाक्य आता घरात बोलू नये आणि कुणी बोलले तर ऐकू नये.

आता अडचणीची गोष्ट. अपघात करणारा पुष्कळदा गावचाच असतो. पंच जमतात, "आपसांत मिटवूया" म्हणतात, आणि विधवेच्या हातावर चाळीस-पन्नास हजार ठेवले जातात. शेजाऱ्याला कोर्टात खेचणे जिवावर येते, हे आम्ही समजू शकतो. पण प्रत्येक वाहनाला तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे, आणि विमा असेल तर भरपाई विमा कंपनी देते, शेजाऱ्याच्या खिशातून ती जात नाही. चालकाकडे परवाना नसेल, तर पुष्कळदा न्यायाधिकरण कंपनीला आधी पैसे भरायला लावते आणि मग ते मालकाकडून वसूल करायला सांगते. विमाच काढलेला नसेल, तेव्हा मात्र मालकाला भरावे लागते. आपसांत मिटवून पोलिसांत नोंद न केली, तर पुढे पुराव्याचे सगळे दोर कापले जातात.

चालक फौजदारी खटल्यात सुटला म्हणूनही घाबरू नये. तिथे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. न्यायाधिकरण शक्यतेचे पारडे कुठे झुकते ते पाहते.

ठोकर देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेप्रमाणे मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात. त्याचा अर्ज महसूल खात्याच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. मामलेदार कचेरीत विचारावे. आणि स्वतःचीच दुचाकी घसरून कुणी गेला, दोष दुसऱ्या कुणाचा नाही, तरी त्याच्या विमापत्रात मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे का ते पाहा. कपाटात पडून राहिलेली अशी विमापत्रे आम्ही पाहिली आहेत.

एक नाव गळले तर काय होते

रक्कम कशी ठरते ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, ३५ वर्षांचा एक माणूस, स्वतःचे वर्कशॉप, महिना २० हजारांची मिळकत. मागे पत्नी, दोन मुले आणि त्याच्यावर अवलंबून असलेली आई.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या स्वतंत्र व्यावसायिकाच्या मिळकतीत पुढच्या वाढीचे ४० टक्के धरतात. म्हणजे २८ हजार. यातून त्याचा स्वतःवरचा खर्च वजा होतो. २००९ च्या निकालाप्रमाणे अवलंबून असलेली माणसे चार ते सहा असतील तर चौथा हिस्सा वजा होतो, दोन किंवा तीन असतील तर तिसरा. इथे माणसे चार. राहिले २१ हजार. वर्षाचे २ लाख ५२ हजार. या वयाला गुणक १६. एकूण ४० लाख ३२ हजार.

आता आईचे नाव दाव्यात घातले नाही असे समजा. माणसे तीन झाली. तिसरा हिस्सा वजा झाला, आणि तोच हिशेब ३५ लाख ८४ हजारांच्या आसपास आला. साडेचार लाख रुपये गेले. ते पत्नीला मिळाले नाहीत, मुलांना मिळाले नाहीत, कुणालाच मिळाले नाहीत. सासू-सुनेचे पटत नाही म्हणून एकमेकींचे नाव गाळणारी कुटुंबे आहेत. त्यांनी हा हिशेब पाहावा. याशिवाय सहवास हरपल्याबद्दल पत्नीला, मुलांना आणि आईवडिलांना प्रत्येकी ४० हजार, मिळकतीच्या हानीचे १५ हजार आणि अंत्यविधीचे १५ हजार धरतात; या आकड्यांत दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ धरायची असते.

घर सांभाळणारी बाई गेली, तर "ती कमावत नव्हती" असे म्हणून गप्प बसू नका. घरकामाला मोल आहे आणि त्यावर भरपाईचा हिशेब होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्टपणे सांगितले आहे.

वारसाचा दस्त आणि दावा

गोव्यात आपला नागरी कायदा वेगळा, म्हणून इथे एक खास गोंधळ होतो. माणूस गेला की आपण उपनिबंधकाकडे वारसाचा दस्त करतो, पुढे वाटणीसाठी इन्व्हेंटरी होते. दांपत्याच्या समाईक मालमत्तेत निम्मा भाग हयात जोडीदाराचा स्वतःचा असतो, हे सर्वांना माहीत आहे. उरलेल्या निम्म्याच्या वारसाक्रमात मात्र जोडीदार मुले आणि आईवडील यांच्या मागे येतो. मग कुणीतरी विधवेला सांगतो, "वारस मुले, दावा तीच करतील."

हे चूक आहे. जमीन-घर ही मृताची मालमत्ता. तिची वाटणी वारसा कायद्याने होते. आधार गेल्याची भरपाई ही मागे राहिलेल्यांच्या नुकसानीची. ती कुणाला किती, हे न्यायाधिकरण अवलंबन पाहून ठरवते. त्यात पत्नीचा वाटा बहुधा मोठा असतो. वारसाचा दस्त नाते दाखवायला उपयोगी पडतो, पण इन्व्हेंटरी संपेपर्यंत दावा थांबवण्याचे काही कारण नाही. अज्ञान मुलांचा वाटा न्यायाधिकरण साधारणपणे बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगते, म्हणजे तो कुणाच्या हाती लागत नाही.

इतर प्रसंग, इतर याद्या

रस्त्याखेरीज मृत्यू झाला तर कायदा बदलतो, तशी दावेदारांची यादीही बदलते.

१८५५ चा प्राणांतिक अपघात कायदा सर्वांत जुना. भिंत कोसळली, उघड्या खड्ड्यात माणूस पडला, अशा वेळी दिवाणी न्यायालयात दावा होतो. तो मृताच्या प्रतिनिधीने करायचा, पण पत्नी किंवा पती, आईवडील आणि मुले यांच्या हितासाठी. त्यात आजी-आजोबा, नातवंडे आणि सावत्र मुलेही येतात. भावंडे येत नाहीत. विजेची तार तुटून कुणी गेले, तर वीज पुरवणाऱ्याची चूक सिद्ध करण्याचीही गरज नाही, त्याच्यावर जबाबदारी आहेच, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये म्हटले आहे.

कामावर असताना मृत्यू आला तर 'अवलंबित' कोण ते पाहतात. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याची ही तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. यात सज्ञान, धडधाकट मुलगा सहसा बसत नाही; विधवा, अज्ञान मुले, विधवा आई बसतात. मालकाची चूक दाखवावी लागत नाही.

कोकण रेल्वेने जाताना गाडीतून पडून प्रवासी गेला, तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे ८ लाख रुपयांचा दावा होतो. मृताजवळ तिकीट किंवा पास असल्यास जपून ठेवा. खासगी इस्पितळातील हलगर्जीपणासाठी ग्राहक आयोगाकडे मृताचे वारस किंवा प्रतिनिधी जाऊ शकतात.

मुदत आणि कागद

मुदती लक्षात ठेवा. रेल्वेसाठी एक वर्ष. दिवाणी दावा, कामावरचा मृत्यू आणि ग्राहक आयोग यांसाठी दोन वर्षे. मोटार अपघातासाठी १ एप्रिल २०२२ पासून फक्त सहा महिने. या सहा महिन्यांच्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. वर्षश्राद्धाची वाट पाहिली तर ही मुदत दोनदा उलटते.

कागद फार नाहीत. प्राथमिक माहिती अहवाल, पंचनामा, शवचिकित्सा अहवाल, मृत्यूचा दाखला, वयाचा आणि मिळकतीचा पुरावा, नात्याचे दाखले, वाहनाचा विमा. मोटार अपघातात पोलिसांनी स्वतःच न्यायाधिकरणाला अहवाल द्यायचा असतो. तो दिला का, हे ठाण्यावर जाऊन विचारा.

वकील परवडत नाही म्हणून कुणी थांबू नये. स्त्रिया, मुले, कामगार आणि मोठ्या दुर्घटनेचे बळी यांना १९८७ च्या कायद्याखाली मिळकत न पाहता मोफत कायदा साहाय्य मिळते. तालुका कायदा सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो. आणि मिळालेल्या रकमेत टक्केवारी मागणाऱ्यापासून दूर राहा. वकिलाला तशी फी ठरवण्याची परवानगीच नाही.

सुतकात कागदपत्रांचे बोलायला कुणाचे मन होत नाही, तोंड उघडायला संकोच वाटतो. तेव्हा ते काम शेजाऱ्याने, भावोजीने, मंडळातल्या माणसाने उचलावे. दहाव्याला जाल तेव्हा दोन शब्द सांत्वनाचे बोला, आणि निघताना घरातल्या जबाबदार माणसाला हळूच सांगा : विमापत्र शोधा, पोलिसांकडून कागदांच्या प्रती घ्या, आणि घरातल्या सगळ्यांची नावे एका कागदावर लिहा, आईचे, सुनेचे, सासरी गेलेल्या लेकीचेही.

विघ्नहर्ता कुणावर ही वेळ आणू नये. आलीच, तर मागे राहिलेल्यांचा हक्क बुडू नये, एवढे आपण सर्वांनी मिळून पाहूया.