एकदा आणा, सर्वांनी वापरा



२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी आपल्या वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली नव्या शिक्षणाची योजना आखण्यासाठी समिती नेमली गेली. हाताने काम करता करता शिकावे, हे त्या योजनेचे सूत्र. आज मुलांच्या हाती संगणक आला, तरी ते सूत्र जुने झालेले नाही.

संगणक चालविणाऱ्या लिनक्सची सुरुवात १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने केली. १९९३ मध्ये सुरू झालेली डेबियन ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली मोफत मिळते आणि तिची प्रत दुसऱ्यास देण्यास परवानगी आहे. मग चोरीच्या सॉफ्टवेअरची गरजच काय? अडचण इंटरनेटची आहे. समजा, शाळेत २० संगणक आहेत आणि प्रत्येकास एक गिगाबाइटची सुधारणा हवी आहे. तेच सामान २० वेळा आणावे लागेल.

यावर उपाय म्हणजे भांडाराची प्रत, म्हणजेच 'मिरर', आपल्याजवळ ठेवणे. 'डेबमिरर' या साधनाला एका ओळीत आज्ञा द्यायची: आवृत्ती कोणती, प्रोसेसर कोणत्या जातीचा, विभाग कोणते. तेवढेच उतरते. तरीही शेकडो गिगाबाइट जागा लागते, म्हणून निवड जपून करावी. पुढच्या खेपेस फक्त नवी व बदललेली पॅकेजे येतात. हीच डिस्क पिशवीत घालून आर्वी किंवा हिंगणघाटच्या शाळेतही नेता येईल.

वाटेत कोणी फेरफार केला तर? भांडाराच्या यादीवर डेबियनची डिजिटल सही असते आणि त्या साखळीतून प्रत्येक पॅकेजचा ठसा तपासता येतो. एक अक्षर बदलले तरी संगणक ते पॅकेज नाकारतो. म्हणून काम लवकर उरकावे या मोहाने ही तपासणी कधीही बंद करू नका.

एकच प्रयोगशाळा असेल, तर एवढाही खटाटोप नको. 'आप्ट-कॅशर-एनजी' हे साधन पहिल्या संगणकाने मागितलेले पॅकेज साठवून ठेवते आणि बाकीच्यांना तेथूनच देते.

पालकांनो, शाळेला एक डिस्क मिळवून द्या. विद्यार्थी मित्रहो, मुलगे व मुली पाळीपाळीने दर आठवड्याला हे भांडार अद्ययावत करा आणि वहीत नोंद ठेवा. शिक्षकांनी शेजारी उभे राहावे. आज्ञा मात्र मुलांनीच लिहावी. संगणक नुसता वापरणारा आणि तो सांभाळू शकणारा यांतील अंतर अशाच कामाने मिटते.