अर्ध्यावर सोडलेले औषध

सुरतेच्या दक्षिणेस, मुंबईच्या लोहमार्गावर, उधना आणि सचिन यांच्या मध्ये भेस्तान हे स्थानक लागते. शेजारीच पांडेसऱ्याची औद्योगिक वसाहत आहे. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या गाडीने आलेली कितीतरी खानदेशी कुटुंबे या परिसरात स्थायिक झाली आहेत. समुद्राकाठची दमट हवा, रंगाई-छपाईच्या कारखान्यांतील वाफ, घामाने भिजलेले कपडे आणि एकेका खोलीत दाटीने राहणारी माणसे! बुरशीला याहून सुखाचे घर कोणते मिळणार? या बुरशीमुळे होणाऱ्या त्वचारोगास आपण गजकर्ण किंवा नायटा म्हणतो; गुजराती शेजारी त्यालाच दादर म्हणतात.

अशा वस्तीतील रोग्याची कहाणी बहुधा सारखीच असते. जांघेत खाज सुटते. लाजेने तो कोणाला सांगत नाही. डॉक्टरकडे जावे तर दिवसाची मजुरी बुडते. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून मलमाची एक ट्यूब येते. तीन दिवसांत खाज थांबते, लाली ओसरते आणि ट्यूब फळीवर पडून राहते. पंधरवड्यात गजकर्ण पुन्हा डोके वर काढते. आता ते पोटापर्यंत पसरलेले असते, आणि पत्नीच्या कमरेवर व मुलाच्या मानेवरही त्याची वर्तुळे उमटलेली असतात.

असे का व्हावे? बाजारातील पुष्कळशा मिश्र मलमांत बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टेरॉइड असते. लाली आणि खाज ही शरीराने रोगाशी मांडलेल्या झुंजीची चिन्हे होत. स्टेरॉइड ती झुंजच थांबवते. रोग्यास वाटते, शत्रू गेला. वस्तुतः पहारेकरी झोपलेला असतो. अशा मलमाचा वापर लांबला तर कातडी पातळ होते, तिच्यावर कायमचे वण उठतात आणि रोगाचे रूप इतके पालटते की निष्णात वैद्यासही तो चटकन ओळखता येत नाही. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडांची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. परंतु नियम कागदावर असून भागत नाही. तो ग्राहकाच्या मनातही असावा लागतो.

बुरशीवरील औषध मुळातच दुर्मिळ आहे. जिवाणूंची रचना आपल्या पेशींहून फार निराळी. बुरशीची मात्र पुष्कळशी आपल्यासारखी. तिला मारावे आणि माणसाला राखावे, हे अवघड काम. पूर्वी गंधक आणि सॅलिसिलिक आम्ल यांच्या मलमांवरच भिस्त असे. ग्रिसिओफुल्विन १९३९ मध्ये सापडले खरे, पण गजकर्णावर पोटात घेण्याचे औषध म्हणून त्याचा उपयोग १९५८ च्या सुमारास सुरू झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत आपल्या पुण्याजवळील पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. थिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी मातीतील एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळविले. त्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावातही पिंपरी आहे. पुढे टर्बिनाफिन, इट्राकोनॅझोल ही औषधे आली. बुरशीच्या पेशीच्या आवरणास जो एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ लागतो, तो ती तयारच होऊ देत नाहीत. माणसाच्या पेशीस त्याची गरज नसते.

इतक्या कष्टाने मिळालेली ही शस्त्रे अर्धवट उपचारांनी बोथट होत आहेत. टर्बिनाफिनला दाद न देणाऱ्या गजकर्णाच्या एका बुरशीस २०२० साली जपानी संशोधकांनी नाव दिले: ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावात हिंदुस्थान आला, पण पिंपरीसारखा अभिमानाने नव्हे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रोगी आढळल्याची नोंद झाली.

तेव्हा श्रोत्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याचेच मलम आणू नये. सुरतेच्या सिव्हिल रुग्णालयात त्वचारोगाचा विभाग आहे. तेथे किंवा जवळच्या डॉक्टरांकडे निःसंकोच जावे. यकृताचा विकार, मधुमेह किंवा गर्भारपण असल्यास आधी सांगावे. लहान मुलाच्या डोक्यातील गजकर्ण केवळ मलमाने जात नाही, त्याला पोटातून औषध लागते. खाज थांबली म्हणजे रोग गेला असे नव्हे. डॉक्टर थांबा म्हणतील तोवर औषध चालू ठेवावे. त्यास कित्येक आठवडे लागतात, आणि नखांच्या रोगास तर कित्येक महिने. पंचा आणि कपडे प्रत्येकाचे वेगळे असावेत, ते कडक उन्हात वाळवावेत. घरात दुसऱ्या कोणास लागण झाली असेल तर सर्वांचे उपचार एकाच वेळी व्हावेत. नाहीतर एकाचा रोग दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याचा पुन्हा पहिल्याकडे, असा फेरा चालूच राहतो.

गजकर्णाने सहसा कोणी मरत नाही, म्हणून त्याची कोणी गंभीरपणे दखल घेत नाही. परंतु रात्रभर खाजवीत जागणारा माणूस सकाळी यंत्रापुढे उभा राहतो, तेव्हा त्याच्या झोपेची, कमाईची आणि मनःशांतीची किती हानी झालेली असते! एक दिवसाची मजुरी वाचविण्यासाठी तो वर्षभराचे दुखणे पदरी घेतो. तो एक दिवस त्याने डॉक्टरकडे जावे आणि पुढचे काही आठवडे धीर धरावा, एवढेच या रोगाचे मागणे आहे.