डॉक्टर कोतोचा दवाखाना



जपानच्या फुजी टीव्हीवर २००३ च्या जुलैमध्ये एक मालिका सुरू झाली. ‘डॉक्टर कोतो शिन्र्योजो’, म्हणजे डॉक्टर कोतोचा दवाखाना. ताकातोशी यामादा यांच्या मांगावर, म्हणजे जपानी चित्रकथेवर, ती बेतलेली होती. पहिल्या पर्वाचे भाग अवघे अकरा. वैद्यकीय मालिका मी पुष्कळ पाहिल्या आहेत, पण गाव आणि डॉक्टर यांच्यातला व्यवहार इतक्या खरेपणानं मांडणारी दुसरी मला माहीत नाही.

केनसुके गोतो, म्हणजेच हा डॉक्टर कोतो, टोकियोतल्या मोठ्या रुग्णालयातला शल्यविशारद. तिथल्या एका रुग्णाच्या मृत्यूचं ओझं मनावर घेऊन तो शिकिना नावाच्या बेटावर येतो. बेट काल्पनिक आहे, मुख्य भूमीपासून बोटीनं सहा तासांवर. मासेमारी होडीत उलट्या करून डॉक्टर बेजार झालेला, आणि होडी हाकणारा ताकेतोशी त्याच्याशी धड बोलतही नाही. आधीच्या डॉक्टरांनी बेटावरच्या लोकांचा विश्वास पार घालवला आहे. त्यामुळे दवाखाना उघडतो, पण पायरी कुणी चढत नाही.

मग ताकेतोशीच्याच शाळकरी मुलाच्या पोटात दुखू लागतं. अपेंडिक्स. डॉक्टर म्हणतो, शस्त्रक्रिया आत्ताच करायला हवी. बाप ऐकत नाही. पोराला होडीत घालतो आणि मुख्य भूमीची वाट धरतो. डॉक्टरही सोबत जातो. भर समुद्रात मुलाची तब्येत ढासळते. इथे डॉक्टरच्या हातातल्या सुरीपेक्षा बापाकडे बघावं. साबुरो तोकितो यांनी तो बाप असा उभा केला आहे की त्याचा हट्ट आपल्याला मूर्खपणा वाटत नाही. ज्याला एकदा चटका बसलाय, तो पुन्हा हात कसा पुढे करील? तरी अखेर त्याला इंजिन बंद करावंच लागतं, आणि शस्त्रक्रिया होडीवर होते. त्यानंतर बेट हळूहळू दवाखान्याकडे वळतं. पुढे डॉक्टरचा भूतकाळ बेटावर पोहोचतो तेव्हा तोच विश्वास पुन्हा डळमळतो, हेही मालिका लपवत नाही.

या कथेमागे एक खरा माणूस आहे. क्यूशूच्या पश्चिमेला, कागोशिमा प्रांतात शिमोकोशिकी नावाचं बेट आहे. डॉक्टर केन्जिरो सेतोउए तिथल्या तेउची गावच्या दवाखान्यात १९७८ मध्ये आले ते जेमतेम सहा महिन्यांसाठी. राहिले २०१७ पर्यंत. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियाही त्यांनी बेटावरच केल्या. मालिकेचं चित्रीकरण मात्र तिथून शेकडो किलोमीटर दूर, जपानच्या अगदी पश्चिम टोकाला, योनागुनी बेटावर झालं. तैवान तिथून साधारण ११० किलोमीटरवर. हिकावाच्या किनाऱ्यावर चित्रीकरणासाठी बांधलेला तो दवाखाना आजही उभा आहे आणि लोक तो बघायला जातात.

पण मला या मालिकेचं मोठेपण वाटतं ते तिच्या पुढच्या वाटचालीत. पहिलं पर्व संपलं तेव्हा डॉक्टरला देवपण देऊन मोकळं होता आलं असतं. लेखिका नोरिको योशिदा आणि दिग्दर्शक इसामु नाकाए यांनी ते केलं नाही. २००६ च्या दुसऱ्या पर्वात दवाखान्याची परिचारिका आयाका हिलाच स्तनाचा कर्करोग होतो. जी रोज दुसऱ्यांना धीर देते, तिला आपलं दुखणं सांगायला जीभ रेटत नाही. को शिबासाकी हिचं त्यातलं काम अंतःकरणाला भिडणारं आहे. आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या चित्रपटात खुद्द डॉक्टरच रक्ताच्या कर्करोगानं आजारी आहे. केस पिकलेत, बेटावरची वस्ती म्हातारी झालीय, वादळ आलंय, जखमी दवाखान्यात येताहेत, आणि ज्याच्यावर सगळ्यांची भिस्त त्याच्याच अंगात उभं राहायचं त्राण नाही. डॉक्टरच्या भूमिकेत हिदेताका योशिओका यांनी ही थकलेली माया फार संयमानं दाखवली आहे.

एका भल्या माणसाच्या खांद्यावर अख्ख्या बेटाचा जीव टांगून ठेवणं हा त्या माणसावर अन्याय आहे, आणि बेटावरही. प्रेक्षकांना त्या डॉक्टरचा लळा लावून मग हे सांगायला धैर्य लागतं.

जपाननं यावर थोडाफार उपाय केलेला आहे. १९७२ मध्ये सगळ्या प्रांतांनी मिळून जिची वैद्यकीय विद्यापीठ काढलं. विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा भार प्रांत उचलतो, आणि त्या बदल्यात नव्या डॉक्टरनं साधारण ९ वर्षं आपल्या प्रांतात, दुर्गम भागांसह, सेवा द्यायची. अशा सोयीनं सेतोउए घडत नाहीत हे खरं, पण एकाच सेतोउएला चार दशकं रजेची वाट बघत बसावं लागू नये, एवढं तरी त्यातून साधायला हवं.

तुमच्या घरात किंवा शेजारीपाजारी कुणी डॉक्टरकीचं शिक्षण घेत असेल, तर त्याच्यासोबत बसून ही मालिका बघा. आणि दूरच्या गावी रुजू झालेला एखादा तरुण डॉक्टर तुमच्या ओळखीचा असेल, तर त्याला आधी विचारा की त्याच्या जोडीला कोण आहे. कुणीच नसेल, तर त्याच्यासाठी दुसरा डॉक्टर मागणारा पहिला अर्ज तुम्ही लिहा.