पोटातला मार आणि सोनोग्राफी

धडगाव-तोरणमाळच्या घाटात गाडी उलटली, उजव्या बरगड्यांवर मार बसला. वरून साधं खरचटलेलंही नाही, तरी यकृत फाटून पोटात रक्त साचत असू शकतं. अशा वेळी 'फास्ट' सोनोग्राफीत डॉक्टर यकृत आणि उजवं मूत्रपिंड यांच्यामधली फट बघतात. उताणं झोपवल्यावर रक्त बहुधा तिथेच उतरतं. पडद्यावर दोन करड्या अवयवांमध्ये काळी पट्टी दिसते. काही मिनिटांचं, खाटेजवळच होणारं काम. मात्र थोडं रक्त किंवा यकृताच्या आतली जखम यात सुटू शकते. म्हणून पहिली तपासणी चांगली आली तरी घरी जायची घाई अजिबात नको. डॉक्टर ती पुन्हा करतात, गरजेनुसार सीटी स्कॅनही सांगतात. पोट किंवा उजवा खांदा दुखतोय, दरदरून घाम, चक्कर? लगेच १०८ला फोन करा आणि चहा-पाणी पाजू नका.