धावपट्टीवरील क्षणांचे मोल

नांदेड-लातूरच्या विमानसेवेचा प्रश्न केवळ आपल्याच विमानतळांवर सुटणारा नाही. त्याची एक किल्ली मुंबईत आहे. तेथील दोन धावपट्ट्या परस्परांना छेदतात. म्हणून दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे वाहतूक चालविता येत नाही. उतरलेले विमान त्वरेने बाहेर पडावे, यासाठी तिरकस निर्गमन मार्ग बांधण्यात आले. असे वाचलेले क्षण पुढच्या विमानाच्या उपयोगी पडतात आणि विलंब टळतो. तथापि या उपायांनाही मर्यादा आहेत. गर्दीच्या वेळी लहान शहरांच्या विमानांना जागा मिळणे दुरापास्त होते. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून वाहतूक सुरू झाली आहे. या वाढीव क्षमतेत, सकाळी जाऊन सायंकाळी परतता येईल अशी वेळ मराठवाड्याला मिळावी, यासाठी आपण सर्वांनी आग्रही राहिले पाहिजे.