आडवाटेची मोटार

३१ जुलै २०२४ रोजीं महाराष्ट्र शासन आणि टोयोटा किर्लोस्कर ही कंपनी यांच्यामध्यें एक करार झाला. सुमारें वीस हजार कोटि रुपये गुंतवून छत्रपती संभाजीनगर येथें मोटारींचा मोठा कारखाना काढावयाचा, असा त्याचा आशय होता. आणि भर होता तो विजेवर व वीज-पेट्रोल अशा दुहेरी शक्तीवर चालणाऱ्या गाड्यांवर. मोटारीच्या धंद्याशीं या शहराची ओळख आजची नव्हे. वाळूजला १९८५ सालीं बजाजचा कारखाना सुरू झाला, शेंद्र्याला २००१ सालीं स्कोडाच्या गाड्या जुळूं लागल्या, आणि सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने त्यांच्याभोंवतीं वाढले. परंतु या नव्या कराराची वार्ता येतांच एका वर्गाचे कान अधिकच टवकारले. तो वर्ग म्हणजे पक्की सडक सोडून आडवाटेनें मोटार हांकण्याचा ज्यांना नाद आहे त्यांचा. कारण टोयोटा म्हणजे लँड क्रूझरचें घराणें. आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें त्याच घराण्यानें जपानांत ‘लँड क्रूझर एफ-जे’ ही आटोपशीर गाडी जगापुढें मांडली. तीच गाडी येथें घडणार असें गृहीत धरण्याचें कारण नाहीं. पण नवी गाडी दिसली कीं तिच्यांत काय असावें आणि काय नसावें याची यादी शौकीन मनाशीं करूं लागतोच.

गंमत अशी, कीं या जातीच्या मोटारीचा जन्मच मुळीं एका यादींतून झाला आहे. १९४० च्या जुलैंत अमेरिकन लष्करानें एकशेंपस्तीस कारखानदारांकडे आपल्या मागण्या धाडल्या. गाडी वजनानें अवघी तेराशें पौंडांची असावी, तिनें सहाशें पौंड ओझें वाहावें, चारही चाकांना शक्ति पोंचावी, समोरची कांच दुमडतां यावी, माणसाच्या चालीइतकी ती मंद चालावी आणि मोकळ्या रस्त्यावर ताशीं पन्नास मैल धांवावी. शिवाय नमुना एकूणपन्नास दिवसांत हजर करावयाचा! उत्तर आलें तें केवळ दोघांचें. बँटम या लहानशा कंपनीनें तो नमुना सप्टेंबरांत मुदतीच्या आंत लष्कराच्या दारांत नेऊन उभा केला. वजनाची अट मात्र कोणालाच पाळतां आली नाहीं आणि लष्कराला ती सैल करून २१६० पौंडांपर्यंत न्यावी लागली. विलीस कंपनीचे इंजिनियर त्या मर्यादेंत बसण्यासाठीं रंगाचा थरसुद्धां पातळ करीत होते, असें सांगतात. त्या यादींत गादीचा उल्लेख नव्हता, शोभेचा नव्हता. लष्कराला एवढेंच माहीत होतें, कीं गाडीला कोठें जावयाचें आहे.

युद्ध संपल्यावर हीच जीप हिंदुस्थानांत आली आणि तिचें दुसरें घर महाराष्ट्रांतच झालें. १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्र अँड महंमद या कंपनीनें १९४७ सालीं मुंबईच्या माझगांवांत विलीसच्या जीपगाड्या जुळविण्यास आरंभ केला; पुढच्याच वर्षीं कंपनीचें नांव महिंद्र अँड महिंद्र झालें. जंगलखातें, पाटबंधारे, पोलीस, तालुक्याचे अंमलदार, सगळ्यांच्या दारांत ती जीप उभी राहिली. मराठवाड्यांतल्या कित्येक खेड्यांनीं पहिली मोटार पाहिली ती जीपच, आणि पुढें काळ्यापिवळ्या रंगांत माणसांना दाटीवाटीनें बाजाराला नेणारीही तिच्याच कुळांतली. त्याच वंशांत २०१० सालीं ‘थार’ आली, २०२० सालीं ती नव्या रूपांत नाशिकच्या कारखान्यांतून निघूं लागली, आणि २०२४ च्या ऑगस्टांत पांच दारांची ‘रॉक्स’ आली. पुण्याच्या फोर्स कंपनीची ‘गुरखा’ आणि २०२३ पासून मारुतीची ‘जिम्नी’ या तिच्या स्पर्धक.

आतां मागण्यांकडे वळण्यापूर्वीं भूमि पाहिली पाहिजे. कारण वाळवंटांतल्या शौकिनाची यादी निराळी आणि बर्फांतल्याची निराळी. संभाजीनगरच्या परिसरांत दगड काळा आणि मातीही काळी. लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेलें हें पठार. त्याचे कडे तुटतात तेथें औट्रम घाटासारखे घाट, म्हैसमाळसारखे माथे आणि पायऱ्या-पायऱ्यांनीं उतरणारे खडक. त्याच खडकाची कुजून झालेली माती म्हणजे कापसाची काळी जमीन. उन्हाळ्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला जोराचा पाऊस झाला, कीं ती फुगते आणि लोण्यासारखी मऊ, डिंकासारखी चिकट होते. ज्यांनीं जुलैंत शेताच्या पाणंदींतून पायीं प्रवास केला असेल, त्या श्रोत्यांना दहा पावलांत प्रत्येक पायाला शेर-शेर माती कशी चढते, हें सांगावयास नको. टायरचेंही तेंच होतें. त्याच्या नक्षींत चिखल भरतो, चाक गुळगुळीत होतें आणि जागच्या जागीं फिरूं लागतें.

येथेंच पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी उभी राहते. गाडी वळतांना बाहेरच्या चाकाला आंतल्यापेक्षां अधिक अंतर तोडावें लागतें. म्हणून दोन चाकांच्या मध्यें डिफरन्शियल नांवाची दांतेरी चाकांची जुळणी बसवितात. तिच्यामुळें एक चाक जलद आणि एक हळू फिरूं शकतें. सडकेवर ही योजना फार सोईची आहे. परंतु तिचा स्वभाव असा, कीं दोन्ही चाकांना ती सारखाच जोर देते. आणि जें चाक चिखलांत मोकळें फिरतें त्याला जोर लागतोच कितीसा? तेवढाच नगण्य जोर मग दुसऱ्याही चाकाच्या वांट्याला येतो. म्हणजे एक चाक गरगरा फिरतें आणि दुसरें, कोरड्या जमिनीवर असलेलें, स्वस्थ उभें राहतें. चारही चाकांना शक्ति दिलेली गाडीदेखील अशा वेळीं पुढचें एक आणि मागचें एक अशीं दोन चाकें फिरवीत तेथेंच रुतते, आणि मालक चकित होऊन खालीं उतरतो. याला उपाय एकच, डिफरन्शियलला कुलूप घालण्याचा. कुलूप लागलें कीं दोन्ही चाकें एका आंसावर जखडल्याप्रमाणें बरोबरीनें फिरतात, आणि ज्याला जमीन सांपडली आहे तें चाक गाडी बाहेर काढतें. कठीण सडकेवर वळतांना हें कुलूप लावून चालत नाहीं, म्हणून तें हवें तेव्हां लावतां आणि सोडतां आलें पाहिजे.

गुरख्यामध्यें पुढच्या व मागच्या दोन्ही आंसांना असें कुलूप मिळतें. शौकीन तिचें नांव आदरानें घेतात तें यासाठींच. जिम्नीनें प्रत्येक प्रतीला चारही चाकांची शक्ति दिली हें तिचें औदार्य, परंतु कुलूप दिलें नाहीं. मोकळें फिरणाऱ्या चाकाला यंत्रानें ब्रेक लावावा आणि जोर पलीकडे वळवावा, अशी तिची युक्ति आहे. खडकावर ही युक्ति चांगली चालते. खोल काळ्या चिखलांत मात्र गति आधींच मेलेली असते, आणि ब्रेक लावून ती आणखी मारणें पुष्कळदां महागांत पडतें.

दुसरी मागणी मंद गियरांच्या जोडीची. हिला चालक ‘फोर-लो’ म्हणतात. युद्धांतल्या जीपमध्यें एक दांडा ओढला, कीं चाकांची गति जवळजवळ निम्मी होई आणि जोर दुप्पट. घाटांतल्या खडकाळ पायरीवर गाडी चढवितांना वेग हा शत्रु असतो. इंजिन शांतपणें घुमत असावें आणि चाक वीत-वीत पुढें सरकावें. उतरतांना तर ब्रेकपेक्षां हा गियरच अधिक विश्वासाचा. शेंद्र्याला २०१० पासून जुळविली गेलेली स्कोडाची ‘येती’ चारही चाकांच्या शक्तीसह मिळत असे, आणि रस्त्यावर ती गुणी गाडी होती. पण तिला ही मंद जोड नव्हती. म्हणून तिच्याबद्दल बोलतांना शौकिनांच्या स्वरांत प्रेम असतें, तरी आडवाटेची गाडी म्हणून तिची गणना ते करीत नाहींत.

अंगलटीविषयीं फार बोलण्याचें कारण नाहीं. गाडीचें नाक आणि शेपूट चाकांच्या पुढें-मागें कमींत कमी यावें, पोट उंच असावें, सांगाडा शिडीसारखा भक्कम असावा. थारचें पोट जमिनीपासून २२६ मिलिमीटर, जिम्नीचें २१०. एवढें असेल तर बांध ओलांडतां येतो. पाण्यांतून जाण्याचा आकडा मात्र जपून वाचावा. थारला ६५० मिलिमीटर आणि गुरख्याला ७०० मिलिमीटर खोल पाणी चालतें, असें कंपन्या सांगतात. हे आंकडे संथ पाण्याचे आहेत. पुराच्या नाल्यांतलें वाहतें पाणी याच्या निम्म्या खोलीलाही गाडी उचलून नेतें, आणि असल्या धाडसाला शौक म्हणणें हा शब्दाचा अपमान आहे. तसेंच, १९८६ सालीं अभयारण्य झालेलें गौताळा किंवा कोणा शेतकऱ्याचें पेरलेलें रान म्हणजे मैदान नव्हे, हें बहुतेक शौकीन जाणतात. थोडे जाणत नाहींत, आणि त्यांच्यामुळें सर्वांना वाटा बंद होतात.

इंजिनाच्या प्रश्नावर यादींत एकमत नाहीं. नवी एफ-जे २.७ लिटरचें पेट्रोल इंजिन घेऊन आली, तेव्हां डिझेलच्या भक्तांची निराशा झाली. मंद गतींतही भरपूर ओढ आणि एका टाकींत लांब पल्ला, हे डिझेलचे जुने गुण. परंतु एप्रिल २०२० पासून भारत-६ चे नियम लागू झाल्यावर डिझेलच्या नळकांड्यांत धुराची गाळणी आली. ती स्वच्छ राहण्यासाठीं गाडी मधूनमधून सडकेवर चांगली तापेपर्यंत पळवावी लागते. गांव ते शेत आणि शेत ते गांव अशा दोन मैलांच्या फेऱ्यांत गाळणी तुंबते, आणि मग तालुक्याचा मिस्त्री हात वर करून गाडी शहराकडे धाडतो. म्हणून डिझेलचा आग्रह आतां जरा विचारपूर्वक धरावा लागेल. विजेची मोटर याच्या उलट. पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण ओढ, आणि चाकागणिक वेगळी मोटर दिली तर कुलपाचें काम तीच करूं शकेल. तिचा वैरी वजन. बॅटरीचें ओझें घेऊन जड झालेली गाडी काळ्या मातींत हलक्या गाडीपेक्षां खोल रुतते; १९४० च्या त्या तेराशें पौंडांच्या अशक्य अटीमागें हेंच शहाणपण होतें. संभाजीनगरचा नवा कारखाना विजेच्या वाटेनें जावयाचा असेल, तर तेथील अभियंत्यांनीं हा तराजू प्रथम पाहावा.

पण शौकिनांची खरी तक्रार इंजिनाची नाहींच. ती बाजाराच्या मांडणीची आहे. २०२३ च्या जानेवारींत थारची दोनच चाकांना शक्ति असलेली आवृत्ति निघाली आणि ती खपलीही. रॉक्स आली तेव्हां चारही चाकांची शक्ति केवळ डिझेलबरोबर, आणि तीही वरच्या प्रतींना. यांत बेकायदा कांहीं नाहीं. रूप हवें त्यानें रूप घ्यावें. परंतु परिणाम असा होतो, कीं ज्याला कुलूप आणि ‘फोर-लो’ यांची खरी गरज आहे, त्याला तीं मिळविण्यासाठीं मोठा पडदा, मऊ आसनें आणि छताची कांच हीं सर्व विकत घ्यावीं लागतात. पावसाळ्यांत अडलेल्या बाळंतिणीला कन्नड तालुक्याच्या डोंगरांतल्या वस्तीवरून सडकेपर्यंत आणणाऱ्या माणसाला छताच्या कांचेंतून आकाश पाहण्याची सवड नसते. त्याला मागच्या आंसाचें कुलूप हवें, आणि तें सर्वांत स्वस्त प्रतींत हवें. जाणत्या शौकिनाची पहिली मागणीही अगदीं हीच आहे. खेळासाठीं कां होईना, त्यानें ती लावून धरली तर लाभ त्या दुसऱ्या माणसाचा होतो. जुन्या जीपबद्दल जो जिव्हाळा अजून दिसतो, त्याचें मूळ हेंच, कीं तिची एकच प्रत होती आणि ती पुरी होती.

बाकीच्या मागण्या किरकोळ, तरी अनुभवाच्या आहेत. बटणें हाताला लागणारीं असावींत. चिखलानें माखलेल्या बोटाला कांचेचा पडदा ओळखत नाहीं. खालचा गालिचा काढून आंत बादलीभर पाणी ओततां यावें. पांचवें चाक इतर चारांएवढेंच असावें, आणि चाकांचे तवे लोखंडी मिळावेत, कारण दगडावर आपटून वांकलेला लोखंडी तवा घणानें ठोकून सरळ होतो, अॅल्युमिनियमचा तडकतो. आणि गाडी ओढून काढण्यासाठीं पुढें-मागें सांगाड्यालाच जखडलेले मजबूत आंकडे असावेत. हे पुष्कळ गाड्यांत इतके खोल दडविलेले असतात, कीं घाईंत कोणी बंपरालाच दोर बांधतो. ट्रॅक्टर ओढूं लागतो, आणि गाडी चिखलांत राहून बंपर तेवढा गांवाकडे निघून जातो.